एक्केचाळिसावी पेटी

१

माल कमी भरला तर चोर शोधायचा, हे शेंबड्या पोरालाही कळतं. माल जास्त भरला तर कोणाला शोधायचं, हे ओझरच्या त्या माल-शेडमध्ये सकाळी सकाळी कोणालाच कळेना.

फोन आला तेव्हा नऊ वाजून दहा मिनिटं झाली होती. उज्वला गांगुर्डे नुकत्याच येऊन टेबलाच्या खणात डबा ठेवत होत्या. दोन पोळ्या आणि भाजी, बस्स. मनमाडच्या रेल्वे मालधक्क्यावर एकतीस वर्षं काढून त्या निवृत्त झाल्या आणि त्याच वर्षी नवरा गेला. मुलगी सृष्टी लग्न करून कॅनडाला. नाशिक रोडच्या कॉलनीतल्या तीन खोल्यांत मिक्सरखेरीज दुसरा आवाज उरला नाही, तेव्हा त्यांनी सह्यगंगा कार्गो नावाच्या या लहानशा कंपनीत दक्षता अधिकाऱ्याची नोकरी धरली. दक्षता कसली, महिन्याला एखादी हरवलेली पावती आणि दोन भांडणं. पण निदान भांडणात माणसं तरी असतात.

"मॅडम, आपने चालीस पेटियाँ भेजी थीं," पलीकडचा आवाज थंड होता. "यहाँ इकतालीस उतरी हैं।"

आदल्या दिवशी दुपारी अंबडच्या कारखान्यातून हिटरच्या चाळीस लाकडी पेट्या शेडमध्ये आल्या होत्या. लोखंडी पॅलेटवर त्या रचल्या, वर जाळी आवळली, कुत्र्यानं हुंगून पास केलं आणि लष्करी मालवाहू विमानाच्या पोटात सगळं सरकवलं. दुपारी नाशिकच्या उन्हात असलेली वस्तू दिवस मावळायच्या आत बर्फात. देशाची ताकद लोक तोफांवरून मोजतात. उज्वलाताईंना वाटे, ती अशा फेऱ्यांवरून मोजावी. बंदूक धरणाऱ्या हाताला ऊब कोणीतरी नेऊन द्यावीच लागते.

बर्फातल्या लष्करी तळावरच्या त्या अधिकाऱ्यानं पुढचं थोडक्यात सांगितलं. जादा पेटी दिसायला तशीच होती, पण तिच्यावर कारखान्याचा नंबर नव्हता. सगळा माल त्यांनी धावपट्टीच्या टोकाला नेऊन ठेवला होता आणि पेटी उघडायला पथक बोलावलं होतं. दुपारी चारला हेलिकॉप्टरं हे हिटर घेऊन वरच्या चौक्यांवर जायची होती. उद्यापासून पाच दिवस हवा खराब. पेटी कोणी ठेवली आणि कशी, हे चारच्या आत कळलं नाही, तर चाळीसच्या चाळीस पेट्या जागच्या जागी राहणार होत्या.

मॅनेजर पगार यांनी हे ऐकलं आणि पेट्या मोजल्याचा कागद, टॅली-शीट, ओढून घेतलं. पगार आडनावाच्या माणसाला कोणाचाही पगार बंद करताना फार विचार करावा लागत नसे.

"सही कोणाची आहे? स्नेहलची. चाळीस खुणा, खाली सही. मग एक्केचाळिसावी काय आभाळातून पडली? मी पोलिसांना द्यायचं पत्र टाइप करतो."

"चारपर्यंत थांबा," उज्वलाताई म्हणाल्या.

"तीनपर्यंत," पगार म्हणाले. "त्यानंतर त्या पोरीचं नाव जाईल."

२

शेड नवं होतं. कॅमेऱ्यांच्या वायरी अजून भिंतीतून लोंबत होत्या, त्यामुळे बघायला काही नव्हतं, फक्त ऐकायला होतं. मालाला हात लागलेली माणसं चार. ट्रकवाला रवी, फोर्कलिफ्टवाला नवनाथ, हमालांचा मुकादम मल्हारी आणि टॅली क्लार्क स्नेहल.

रवी मनमाडचा. उज्वलाताई मनमाडला होत्या हे कळल्यापासून तो त्यांना माहेरच्या माणसासारखं वागवायचा, पण आज त्याच्या कपाळावर घाम होता.

"ताई, खोटं नाही बोलत. आडगाव नाक्यावर चहाला थांबलो होतो. वीसेक मिनिटं. गाडी डोळ्यासमोर होती, पण पाठीमागचं दार नव्हतं."

"वीस मिनिटांत पेटी चढवता येते."

"येते ना. म्हणून तर झोप उडालीय."

उज्वलाताईंनी दोन चिठ्ठ्या शेजारी शेजारी ठेवल्या. एक कारखान्याच्या काट्याची, दुसरी शेडच्या फाटकावरच्या काट्याची. भरलेल्या गाडीचं वजन दोन्हीकडे सारखंच होतं, आणि ते चाळीस पेट्यांचंच होतं.

"तुमचा चहा बिनधोक होता, रवी. पेटी फाटकाच्या आत आल्यावर चढली. जा, अजून एक घ्या."

नवनाथला भीती नव्हती, राग होता. "मी दहा फेऱ्या मारल्या, मॅडम. एका फेरीला चार पेट्या, जास्त बसतच नाहीत. मुकादमांनी 'लाभ' म्हणून सुरुवात केली, तेव्हा मी पहिल्या चार खाली टेकवत होतो. नंतर माझी ये-जा. दहाव्या फेरीला 'चाळीस' ऐकलं आणि इंजिन बंद केलं. चार दाहे चाळीस. आता याच्यात माझं काय चुकलं?"

"काही नाही. ही फळी कसली?"

नवनाथनं खाली पाहिलं. कोपऱ्यात चहाची किटली एका जाड, काळपट बाभळीच्या फळीवर ठेवलेली होती.

"पॅलेटवर पेट्यांच्या खाली घालतो ना आपण, त्यातली. काल एक उरली."

"दर वेळी उरते?"

"नाही. सात लागतात, सात आणतो." नवनाथनं मान खाजवली. "काल कशी उरली काय माहीत."

मुकादम मल्हारी घुगे शेडच्या दाराशी उकिडवा बसला होता. सायखेड्याचा, अठ्ठावन्न वर्षांचा, खांद्यावर उपरणं. बोलताना समोरच्याच्या पायाकडे बघायची त्याला सवय. डाव्या अंगठ्याला गुंडाळलेल्या चिंधीवर, एकाच जागी, सुकल्या रक्ताचे तीन-चार बारीक ठिपके होते.

"काय झालं हाताला, मल्हारीभाऊ?"

"काय नाय ताई. पेटीच्या लाकडाची कूस घुसली."

"काल पेट्या तुम्हीच मोजल्या?"

"मीच. चाळीस मोजल्या. आईच्यान सांगतो, चाळीसच हिटर मोजले."

"मग एक जास्त कशी निघाली?"

मल्हारी परत त्यांच्या पायाकडे बघू लागला. उज्वलाताई उठायला लागल्या तेव्हा त्यानं हळूच विचारलं, "ताई, ती जादाची पेटी हाय ना... तिचं काय करत्यात तिकडं? जाळून तर टाकत नाय ना?"

सकाळपासून कंपनीतल्या प्रत्येकानं आपलं काय होणार हे विचारलं होतं. पेटीचं काय होणार हे विचारणारा हा पहिलाच. उज्वलाताईंनी ते मनात ठेवलं. तेवढ्यात खिशातला मोबाइल थरथरला. तिकडे पेटी उघडली होती, आणि आतल्या वस्तूचा फोटो आला होता.

३

बॉम्ब नव्हता. दारूगोळा, पैसा, अफू, काही नव्हतं. पेटीत घडी घातलेली एक गोधडी होती. जुन्या लुगड्यांची, हिरव्या काठाची.

पगार फोटो बघून हसत सुटले. पण फोनवरचा अधिकारी हसला नाही, आणि उज्वलाताईंना तो बरोबर वाटला. आज मोजणीत न सापडता गोधडी विमानात चढली, तर उद्या त्याच वाटेनं काय चढेल? वाट कोणती ते सांगा, मगच माल हलेल, असं तो म्हणाला. पेटीचं वजनही त्यानं सांगितलं. अकरा किलो तीनशे.

साडेबारा वाजले होते. उज्वलाताईंनी डबा उघडला आणि स्नेहलला समोर बसवलं. पोरगी तेवीस वर्षांची, नाशिक रोडचीच, इंग्रजी शाळेतली, नोकरीला आठ दिवस झालेली. रडून रडून नाक लाल झालं होतं.

"पोळी घे आधी."

"नको, मॅडम. मला तुरुंगात टाकतील का?"

"उपाशी असलीस तरी टाकतील आणि जेवलीस तरी. घे."

स्नेहलनं अर्धी पोळी घेतली. उज्वलाताईंना उगाच बरं वाटलं. त्या डब्यातलं दुसऱ्या कोणी खाऊन वर्ष झालं असेल.

"ही माझी पहिलीच खेप होती," स्नेहल सांगू लागली. "कागदावर एक ते चाळीस आकडे छापलेले. मुकादम पेटी रचताना आकडा पुकारणार, मी त्या आकड्यावर टिक करणार. एकही आकडा सुटला नाही, मॅडम. मी फोनलासुद्धा हात लावला नाही. पप्पांची शपथ."

"पेट्या तुला दिसत होत्या?"

"मी कागदाकडे बघत होते. चुकायची भीती वाटत होती ना. फक्त कान त्यांच्याकडे होता."

"मग कानानं काय ऐकलं ते सांग. सुरुवातीपासून, जसंच्या तसं."

स्नेहलनं डोळे मिटले. "आधी ते म्हणाले 'लाभ'. म्हणजे आपण 'श्री' लिहितो ना, तसं काहीतरी देवाचं असेल. त्यावर मी टिक केली नाही. मग म्हणाले 'एक'. मी एकवर टिक केली. मग दोन, तीन..."

उज्वलाताईंचा घास हातातच राहिला.

"परत म्हण."

"लाभ. एक. दोन. तीन."

"दोन नाही? लाभच्या मागून लगेच दोन नाही? एक म्हणाले, नक्की?"

"नक्की, मॅडम. का? काय झालं?"

 उज्वलाताईंनी डब्याचं झाकण लावलं आणि तशाच उठून चहाच्या कोपऱ्याकडे गेल्या.

४

किटली बाजूला ठेवून त्यांनी नवनाथकडून ती बाभळीची फळी शेडच्या काट्यावर ठेवून घेतली. काट्यानं अकरा किलो दोनशे दाखवलं.

म्हणजे हिशेब जुळला. पॅलेट बांधून झालं की विमानात चढायच्या आधी ते अख्खं काट्यावर जातं. अकरा किलोची एक पेटी जास्त असती तर तिथंच बोंब झाली असती. बोंब झाली नाही, कारण कोणीतरी तितक्याच वजनाची फळी काढून ठेवली होती. त्यांनी तिकडून पॅलेटचा फोटो मागवला. पेट्यांच्या खाली फळ्या सहाच होत्या, आणि सातवीच्या जागी हवा.

खुर्चीत बसून त्या विचार करू लागल्या. घातपात करणारा माणूस विमानाचा तोल सांभाळत बसत नाही. हे ज्यानं केलं त्याला विमानाची काळजी होती, आत बसलेल्या माणसांची होती. आणि त्याच्या अंगी वजनाचा अंदाज असा होता की काट्याशिवाय शंभर ग्रॅमच्या फरकानं त्यानं पेटी आणि फळी जुळवली. असा हात आयुष्यभर ओझी उचलणाऱ्याचाच असतो.

गोधडीचा फोटो त्यांनी बोटांनी मोठा केला. वरच्या अर्ध्या भागात मुंगीच्या रांगेसारखे बारीक, सरळ टाके. कोणा बाईनं सवडीनं घातलेले. आणि मधेच ती रांग थांबली होती. तिथून खाली टाके लांब, तिरके, जाड दोऱ्याचे, शेवटी दुहेरी गाठ मारलेले. उज्वलाताईंनी असे टाके मालधक्क्यावर एकतीस वर्षं पाहिले होते. ते गोधडीवर नसतात. ते गोणीच्या तोंडावर असतात, आणि सुईनं नाही, दाभणानं घालतात.

चिंधी गुंडाळलेला अंगठा त्यांच्या डोळ्यांसमोर आला. लाकडाची कूस अशी वारंवार एकाच जागी लागत नाही. दाभण लागतं, तेही ज्याला मऊ कापडावर ते चालवायची सवय नाही, त्याला.

सगळं कळलं होतं, आणि कळल्याचा आनंद मात्र झाला नाही. त्यांना वाटलं, हे न कळलं असतं तर बरं. पण तीनला दहा कमी होते. पगार दारात उभे राहिले, हातात टाइप केलेला कागद.

"गांगुर्डे मॅडम, झाली वेळ. पोरगी बाहेर बसलीय. तिच्या वडिलांना फोन करायला सांगू का?"

"तो कागद मला द्या," उज्वलाताई म्हणाल्या, "आणि मुकादमाला आत पाठवा. तुम्ही बाहेर थांबा."

५

मल्हारी आत आला आणि खुर्ची असून उभा राहिला.

"बसा, मल्हारीभाऊ. माझा बाप सायखेड्याच्या खळ्यांवर धान्य मापायला जायचा. मी लहान असताना त्याच्याबरोबर जायची. तो पहिलं माप टाकताना काय म्हणायचा, सांगू?"

मल्हारीनं प्रथमच वर पाहिलं.

"लाभ म्हणायचा. पहिल्याला एक कधी म्हणत नाहीत. मी विचारलं होतं, का हो? तर म्हणाला, एक म्हटलं की ते एकटं पडतं. लाभ म्हटलं की मागून दुसरं येतं. मग दुसरं माप टाकलं की दोन, तिसऱ्याला तीन. लाभ, दोन, तीन. खळ्यावर वाढलेला कुठलाही माणूस लाभनंतर एक म्हणत नाही. झोपेतसुद्धा नाही. तुमच्या तोंडून काल लाभनंतर एक आला, तो चुकून आलेला नाही."

मल्हारी हळूच खुर्चीच्या कडेला टेकला.

"नवनाथनं दहा फेऱ्या मारल्या, त्याच्या चाळीस पेट्या. तुम्ही एक ते चाळीस पुकारलंत, त्या याच. पण त्याच्याआधी एक पेटी पॅलेटवर गेली होती, ती 'लाभ' म्हणून, म्हणजे न पुकारता पेटी रचली असं नवनाथला वाटू नये. कागदाकडे बघणाऱ्या त्या नव्या पोरीला लाभ म्हणजे देवाचं नाव वाटलं. जुना क्लार्क असता तर त्यानं लाभवरच टिक केली असती आणि तुमचं जमलं नसतं. फळी काढलीत म्हणून वजनही जुळलं. आणि टाके दाभणाचे आहेत, मल्हारीभाऊ. तुम्ही शपथ घेतलीत ती खोटी नव्हती. हिटर तुम्ही चाळीसच मोजलेत."

मल्हारीनं अंगठ्याची चिंधी दाबून धरली. मग म्हणाला, "पेटी मागल्या खेपंतली, फुटकी म्हणून टाकलेली. मीच सांधली, जुना नंबर तासून टाकला. पण बाकी कुणाचा काय संबंध नाय, ताई."

"गोधडी कोणाची?"

"लंकाबाईची. माझी बायको. पोरासाठी शिवत होती. रुद्रसाठी. तो तिकडं बर्फात हाय, फौजेत. दोन वर्सं झाली, ऐन थंडीत ती गेली. निम्मी शिवून झाली होती. उरलेली म्या आत्ता आत्ता पुरी केली." त्यानं उपरण्यानं तोंड पुसलं. "पोराला म्या लगेच कळवलंच नाय. वाटा बंद होत्या. त्याला येता येनार नाय, उगं तिथं जीव खाईल, असं वाटलं. तेराव्याला कळवलं. तवापासून तो बोलत नाय माझ्याशी. फोन उचलत नाय. पोस्टानं दोनदा खाऊचं पार्सल धाडलं, दोन्ही येळंला परत आलं. घेन्यास नकार, असा शिक्का मारून."

"म्हणून बिननावाची पाठवलीत."

"नाव लिवलं की परत येतंय."

"पण मग ती त्याला मिळणार कशी? तिथं हजारो जवान आहेत."

"त्यालाच मिळाली पायजे असं कुठं हाय?" मल्हारी म्हणाला. "कुणाच्या का होईना अंगावर पडंल. तिनं थंडी वाजू नये म्हणून शिवली, तर कुनाची तरी थंडी जाईल. घरात खुटीवर टांगून काय करू? रोज तिच्याकडं बघत एकलाच जेवतो मी."

 उज्वलाताईंच्या घरीही नवऱ्याचा एक स्वेटर खुंटीवर होता, आणि तो कोणालाच पाठवता येण्यासारखा नव्हता.

त्यांनी पगारांचा कागद टेबलावर त्याच्याकडे सरकवला. "याच्यावर स्नेहलचं नाव आहे. वाचा."

मल्हारीला वाचता येत होतं, पण सावकाश. नावापाशी आला आणि त्याचा चेहरा उतरला.

"पोरीचं नाव? तिचा काय दोष? म्हनलं होतं, पेटी एकदा वर गेली की मी आपून सांगीन. आधी सांगितलं तर फेकून देतील, असं भ्या वाटलं. पोरीवर जाईल हे ध्यानातच नाय आलं, ताई. खरंच नाय आलं." तो उठला. "लिवा माझं नाव. कामावरनं काढा, पोलिसात द्या. आधी ते नाव खोडा."

उज्वलाताईंनी स्नेहलचं नाव खोडलं. मग अधिकाऱ्याला द्यायचा अहवाल लिहायला घेतला. फळी, फेऱ्या, लाभ, एक, दोन, सगळं. मल्हारीचं नाव त्यांनी गाळलं नाही. गाळून चाललं नसतं, आणि त्यानंही ते मागितलं नाही. फक्त शेवटी, अहवालात ज्याची काही गरज नव्हती असं एक वाक्य त्यांनी घातलं. 'गोधडीचा वरचा अर्धा भाग जवान रुद्र घुगे यांच्या आईनं शिवलेला असून खालचा अर्धा वडिलांनी पुरा केला आहे.' खाली आपला मोबाइल नंबर लिहिला.

साडेतीनला अहवाल गेला. चारला पाच मिनिटं कमी असताना फोन आला. वाट कळली, पेट्या हलल्या, हेलिकॉप्टरं सुटताहेत. गोधडीबद्दल अधिकारी काही बोलला नाही, आणि विचारायचा उज्वलाताईंना धीर झाला नाही.

६

पोलिसात प्रकरण गेलं नाही, पण मुकादमी गेली. पगारांनी त्याच संध्याकाळी पत्र काढलं. शेडमध्ये मोजणीचा नवा नियम लागला. पुकारणाऱ्यानं एकपासून सुरुवात करायची, देवाचं किंवा दुसरं काहीही म्हणायचं नाही. स्नेहलनं तो मोठ्या अक्षरात लिहून भिंतीला लावला, आणि लावून झाल्यावर त्याच्याकडे बघत बराच वेळ उभी राहिली.

सहाव्या दिवशी तिकडची हवा उघडली. सातव्या दिवशी दुपारी मल्हारी ओळखपत्र जमा करायला आला. अंगठ्याची चिंधी सुटली होती. उज्वलाताईंनी त्याला बसवलं आणि डब्याचं झाकण पुढे केलं. हल्ली त्या चार पोळ्या आणत. स्नेहल दोन खायची.

"आता काय करणार, मल्हारीभाऊ?"

"सायखेड्याला हाय थोडी जमीन, भावाकडं. गुरं वळीन. बोलायला गुरं तरी असतील."

मोबाइल वाजला. नंबर ओळखीचा नव्हता. उज्वलाताईंनी उचलला, तर वाऱ्याचा नुसता घोंघाट. मग एक तरुण आवाज, अडखळत.

"गांगुर्डे मॅडम का? मी रुद्र घुगे बोलतोय. साहेबांनी हा नंबर दिला. ती गोधडी... ती अर्धी खरंच त्यांनी शिवलीय?"

 उज्वलाताईंनी मोबाइल मल्हारीच्या हातात दिला. त्यानं तो कानाला लावला, दोन्ही हातांनी धरून.

"हां," तो म्हणाला. मग नुसता ऐकत राहिला. "हां. दाभणानं." पुन्हा ऐकलं. मग त्यानं मोबाइल कानापासून काढून पडद्याकडे पाहिलं, परत कानाला लावला, परत काढला.

"लाइन गेली," तो म्हणाला.

"काय म्हणाला?"

"म्हनला, दादा, तुमचे टाके लय टोचत्यात." मल्हारीच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, आणि ते पुसायचं त्याच्या ध्यानात नव्हतं. "दोन वर्सांनी बोलला, ताई. पन एकच बोलला. एकच."

उज्वलाताईंनी मोबाइल त्याच्या हातातून परत घेतला नाही.

"एक नका म्हणू, मल्हारीभाऊ," त्या म्हणाल्या. "लाभ म्हणा."